प्रक्रिया-सुधारणेतील व्यावसायिक प्रमाणन : विश्वासार्हता आणि न्याय्यता

प्रस्तावना

मोटोरोला कंपनीत १९८६ च्या सुमारास बिल स्मिथ या अभियंत्याने मांडलेली 'सिक्स सिग्मा' पद्धती १९९५ पासून जनरल इलेक्ट्रिकने अंगीकारली आणि पुढे तिचा जगभर प्रसार झाला. दहा लाख संधींमागे ३.४ दोष हे तिचे सुपरिचित उद्दिष्ट होय. या पद्धतीबरोबरच ज्युडो-कराटेतील पट्ट्यांवरून घेतलेली 'ग्रीन बेल्ट', 'ब्लॅक बेल्ट' ही पदनामेही रूढ झाली. आरंभी ती कंपनीअंतर्गत होती. ज्याला पद मिळे त्याचे काम वरिष्ठांच्या नजरेखालून गेलेले असे. पदनामे कंपनीबाहेर पडली, तेव्हा मात्र ती देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. आजही कोणतीही एक सर्वमान्य नियामक संस्था या पदनामांवर नियंत्रण ठेवत नाही. प्रमाणन ही स्वतःच एक प्रक्रिया आहे आणि ती इतरांना जी कसोटी लावते तीच तिलाही लावली पाहिजे, या भूमिकेतून प्रस्तुत लेखात या व्यवस्थेची चिकित्सा केली आहे.

पदनाम आणि पुरावा

पदनाम आणि पुरावा यांची फारकत किती सहज होते, याचे महाराष्ट्राला परिचित उदाहरण मुंबईच्या डबेवाल्यांचे आहे. १९९८ मध्ये फोर्ब्ज समूहाच्या नियतकालिकाने त्यांच्या अचूकतेची दखल घेतली. त्यानंतर 'डबेवाल्यांना सिक्स सिग्मा प्रमाणपत्र मिळाले' हे विधान भाषणांतून व व्यवस्थापनाच्या वर्गांतून सर्रास केले जाऊ लागले. वस्तुतः नियतकालिक ही प्रमाणन संस्था नव्हे आणि असे प्रमाणपत्र दिले गेले नसल्याचे संबंधित वार्ताहरानेही पुढे स्पष्ट केले. डबेवाल्यांच्या कार्यकौशल्याला यामुळे कोणताही उणेपणा येत नाही. उणेपणा आहे तो प्रमाणपत्र कोणी, कशाच्या आधारे दिले, हे न विचारण्याच्या सवयीत. हीच सवय व्यक्तींच्या प्रमाणपत्रांबाबतही दिसते.

दोन प्रारूपे आणि त्यांच्या मर्यादा

प्रचलित व्यवस्थेत दोन प्रारूपे ठळकपणे दिसतात. पहिले प्रारूप पूर्ण केलेल्या कामाचा पुरावा मागते. अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटी ही संस्था ब्लॅक बेल्टसाठी लेखी परीक्षेखेरीज दोन पूर्ण प्रकल्प, अथवा एक प्रकल्प व तीन वर्षांचा अनुभव अपेक्षिते. प्रकल्पासाठी स्वाक्षरीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. दुसरे प्रारूप केवळ परीक्षेवर उभे आहे. त्यात प्रकल्पाची अट नसते.

पहिले प्रारूप अधिक विश्वासार्ह वाटते. परंतु ते सर्वांना समान संधी देत नाही. मोठ्या कारखान्यातील अभियंत्याला प्रकल्प, आकडेवारी आणि स्वाक्षरी करणारा अधिकारी हे तिन्ही सहज उपलब्ध असतात. लघुउद्योगातील पर्यवेक्षकाला किंवा नुकत्याच पदवीधर झालेल्या विद्यार्थ्याला यांपैकी एकही मिळेल याची शाश्वती नसते. दुसऱ्या प्रारूपाचे दार सर्वांना खुले आहे. परंतु स्मरणाने सोडवलेली प्रश्नपत्रिका प्रत्यक्ष सुधारणा करण्याची क्षमता सिद्ध करीत नाही. एकात न्याय्यता उणी पडते, तर दुसऱ्यात विश्वासार्हता. दोन्ही प्रारूपांची प्रमाणपत्रे मात्र एकाच नावाने मिरवतात आणि नोकरी देणाऱ्याला त्यांतील भेद कळत नाही. खरा दोष येथे आहे.

मोजणाऱ्याचे मोजमाप

प्रक्रिया-सुधारणेच्या अभ्यासात विद्यार्थ्याला शिकवला जाणारा एक मूलभूत नियम असा, की मोजमापावर विसंबण्यापूर्वी मोजणारे साधन तपासावे. वाहन उद्योगात प्रचलित असलेल्या निकषांनुसार साधनामुळे येणारी तफावत एकूण तफावतीच्या १० टक्क्यांच्या आत असल्यास साधन स्वीकारार्ह, तर ३० टक्क्यांपुढे गेल्यास अस्वीकार्य ठरते. प्रमाणनात परीक्षक हेच साधन होय. एकच प्रकल्प-अहवाल दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे तपासल्यास त्यांचे निर्णय किती जुळतात? कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा गुणांक नेमकी हीच सहमती मोजतो. ही मोजणी करून तिचे निष्कर्ष प्रसिद्ध करणे प्रमाणन संस्थांना सहज शक्य आहे. जी संस्था ते करीत नाही, ती स्वतः शिकवीत असलेला नियम स्वतःच मोडते.

मानकांची चौकट

व्यक्ती-प्रमाणनासाठी आयएसओ/आयईसी १७०२४ हे मानक २००३ मध्ये आले व २०१२ मध्ये सुधारले गेले. शिकवणारा आणि प्रमाणपत्र देणारा एकच असणे हा निष्पक्षतेला धोका आहे, हे त्यात स्पष्टपणे मानले आहे. परीक्षकाने स्वतः प्रशिक्षण दिलेल्या उमेदवाराची परीक्षा सामान्यतः दोन वर्षे घेऊ नये, अपील व तक्रारींची व्यवस्था असावी, ठरावीक काळाने पुनर्प्रमाणन व्हावे, याही तरतुदी त्यात आहेत. २०१५ मध्ये आलेल्या आयएसओ १८४०४ या मानकाने सिक्स सिग्मा व लीन क्षेत्रांतील व्यक्तींच्या आणि संस्थांच्या क्षमता निश्चित केल्या. भारतात भारतीय गुणवत्ता परिषदेचे प्रमाणन संस्थांसाठीचे राष्ट्रीय मान्यता मंडळ १७०२४ नुसार मान्यता देते. म्हणजे चौकट उपलब्ध आहे. परंतु ती ऐच्छिक असल्याने तिच्याबाहेर राहूनही 'ब्लॅक बेल्ट' देता येतो.

महाविद्यालयांची जबाबदारी

हा प्रश्न केवळ उद्योगांचा नाही. नॅकच्या २०१७ च्या सुधारित चौकटीत मूल्यवर्धित व प्रमाणपत्र अभ्यासक्रमांची संख्या आणि त्यांतील विद्यार्थिसंख्या हे मूल्यांकनाचे घटक होते. अशा मोजणीत संख्येला महत्त्व येते आणि गुणवत्तेची विचारणा मागे पडते. खासगी प्रशिक्षकाशी करार करावा, तीन दिवसांचा वर्ग घ्यावा, त्याच प्रशिक्षकाने शेवटी चाचणी घेऊन पट्टा द्यावा, ही पद्धत सोयीची असली तरी विद्यार्थ्याच्या शुल्काशी व विश्वासाशी प्रामाणिक नाही. असा पट्टा मुलाखतीत निरुपयोगी ठरला, तर हानी विद्यार्थ्याची होते.

त्यावर व्यवहार्य मार्ग आहे. महाविद्यालयाने शिक्षकाची भूमिका घ्यावी. परीक्षा स्वतंत्र संस्थेकडे सोपवावी. विद्यार्थ्याच्या दाखल्यावर 'ज्ञानचाचणी उत्तीर्ण' असे स्पष्ट लिहावे आणि 'ब्लॅक बेल्ट' हे नाव प्रत्यक्ष प्रकल्पासाठी राखून ठेवावे. ग्रंथालयातील देवघेव, प्रयोगशाळेतील साहित्याची हाताळणी, प्रवेशअर्जांची छाननी या महाविद्यालयाच्याच प्रक्रिया विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी खुल्या केल्यास संधीची विषमताही काही अंशी कमी होईल.

निष्कर्ष

न्याय्यता आणि विश्वासार्हता यांत मूलतः विरोध नाही. भिन्न पात्रतांना एकच नाव दिल्यामुळे तो विरोध भासतो. नावे वेगळी करणे, अध्यापन व परीक्षण विभक्त ठेवणे आणि परीक्षकांतील सहमती मोजून जाहीर करणे, या तीन गोष्टी झाल्यास प्रमाणपत्राला अर्थ प्राप्त होईल. दोष मोजण्याची विद्या शिकवणाऱ्या व्यवस्थेने आपले दोष मोजण्यास नकार द्यावा, ही विसंगती अध्यापकवर्गाने तरी मान्य करू नये.