उपयोजित संशोधनाची मराठी : शब्द आणि वाक्य

विद्यापीठीय संशोधनात ‘उपयोजित’ हे विशेषण आता इतक्या भिन्न विषयांना लागते की, या विषयांत विशेषणापलीकडे काही समान आहे किंवा नाही, असा प्रश्न पडावा. कारखान्याचे व्यवस्थापन, पर्यटनाचे शिक्षण आणि विद्युत् वाहनांतील बॅटरीचे शीतन हे तीन विषय उदाहरणादाखल घ्यावेत. पहिल्याचा संबंध माणसांच्या वागणुकीशी, दुसऱ्याचा स्थळांशी व अध्यापनाशी आणि तिसऱ्याचा उष्णतेच्या निर्मितीशी व वहनाशी आहे. तथापि या तिन्ही विषयांवरील मराठी लेखन बहुधा एकाच साच्यातून निघते. इंग्रजी संज्ञेला एक संस्कृत प्रतिशब्द द्यावयाचा, आणि वाक्याचा शेवट ‘करण्यात आले’ किंवा ‘आढळून आले’ असा करावयाचा, हा तो साचा होय. हा साचा तिन्ही विषयांना सारखाच मानवतो काय, हे तपासणे अगत्याचे आहे.

परिभाषा घडविणे हे मराठीला नवे नाही. शिवकालातील ‘राज्यव्यवहारकोशा’ने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय पुरविले. बडोद्याच्या ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ने १९३१ मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांचा अनेक भाषांत मेळ घातला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या वर्षीच, १९६० मध्ये, भाषा संचालनालय स्थापन झाले आणि शासनव्यवहाराबरोबर विविध शास्त्रांचे परिभाषाकोश सिद्ध झाले. या परंपरेचा पाया शासनव्यवहारात आहे, ही गोष्ट मात्र नजरेआड होऊ नये. शासनव्यवहारात शब्द पदाला किंवा कागदाला नाव देतो. ‘मेयर’ऐवजी ‘महापौर’ म्हटल्याने त्या पदाचे अधिकार वाढत नाहीत वा घटत नाहीत. उपयोजित शास्त्रातील संज्ञेचे तसे नाही. तिच्यात एक अनुमान दडलेले असते, आणि त्या अनुमानावर विसंबून कोणीतरी काही कृती करतो. शब्दाने चुकीची दिशा दाखविली तर कृतीही त्याच दिशेला जाते.

बॅटरीच्या शीतनाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. लिथियम-आयन घटाला साधारणतः १५ ते ३५ अंश सेल्सिअस हे तापमान मानवते. घटातून विद्युत्प्रवाह वाहू लागला की अंतर्गत रोधामुळे उष्णता निर्माण होते. प्रवाह दुप्पट झाला तर ही उष्णता चौपट होते. रासायनिक क्रियेतील एंट्रॉपीच्या बदलामुळे आणखी काही उष्णता निर्माण होते किंवा शोषली जाते. बर्नार्डी, पाव्हलिकोव्स्की आणि न्यूमन यांनी १९८५ मध्ये मांडलेले ऊर्जासमीकरण या हिशेबाचा आधार मानले जाते. ही उष्णता बाहेर नेण्यासाठी हवा, पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण, किंवा वितळताना उष्णता शोषून घेणारे मेणासारखे पदार्थ योजले जातात. मेण स्वतः उष्णतेचे मंद वाहक असल्याने त्यात ग्रॅफाइट मिसळण्याचीही रीत आहे. येथपर्यंत मराठीची अडचण होत नाही. ‘अप्रकट उष्मा’ हा शालेय पाठ्यपुस्तकांतून रूढ झालेला शब्द तर उत्तम आहे. उष्णता पदार्थात शिरते, परंतु तापमापीत प्रकट होत नाही, हे सारे त्या एका विशेषणात येते. मेणाने वेढलेला घट काही काळ का तापत नाही, हे हा शब्द जाणणाऱ्या विद्यार्थ्याला निराळे सांगावे लागत नाही.

अडचण सुरू होते ती ‘थर्मल रनअवे’ या संज्ञेपाशी. घटाचे तापमान शंभर अंशांच्या अलीकडे-पलीकडे गेले की आतील संरक्षक थर विघटित होऊ लागतो आणि त्या क्रियेतून आणखी उष्णता बाहेर पडते. सुमारे १३० अंशांना पॉलिएथिलीनचा विभाजक पडदा वितळतो, दोन अग्रे एकमेकांना भिडतात, आणि उष्णतानिर्मिती अधिकच वाढते. याचे मर्म दोन वेगांच्या तुलनेत आहे. उष्णता बाहेर जाण्याचा वेग घट आणि परिसर यांच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात वाढतो. आतील रासायनिक क्रियांचा वेग मात्र तापमानाबरोबर घातांकी रीतीने वाढतो. एकदा दुसऱ्या वेगाने पहिल्याला मागे टाकले की घट स्वतःच स्वतःला तापवीत सुटतो, आणि शेजारचे घटही त्यात ओढले जातात.

या संज्ञेला शब्दास शब्द ठेवू जाता ‘औष्णिक पलायन’ असा प्रतिशब्द सहज सुचतो. व्याकरणदृष्ट्या त्यात दोष नाही. अर्थदृष्ट्या मात्र तो सत्याच्या थेट उलट आहे. पलायन म्हणजे निसटून जाणे. उष्णतेने पलायन केले असे वाचणाऱ्याची समजूत होईल की ती घटातून निघून गेली. वस्तुतः तिला पुरेशा वेगाने निघून जाता आले नाही, हाच तर अनर्थाचा उगम. इंग्रजी शब्दामागची प्रतिमा पळून गेलेल्या कैद्याची नसून लगाम न जुमानणाऱ्या घोड्याची आहे. त्या प्रतिमेसाठी मराठीत ‘उधळणे’ हे क्रियापद शतकानुशतके वापरात आहे. घोडा उधळतो, गाडीचे बैल उधळतात. आवरणाऱ्याच्या हातून आवरण्याची शक्ती जाते आणि जनावराचा वेग त्याच्या स्वतःच्या भीतीनेच वाढत जातो. ‘घट उधळला’ असे म्हटले असता कर्ता, क्रिया आणि धोका ही तिन्ही अंगे जागच्या जागी राहतात. ‘उधळणे’ याचा ‘विखुरणे’ असाही अर्थ आहे, हा आक्षेप खरा. परंतु गुलाल उधळणारा कर्ता निराळा असतो आणि तेथे क्रियापद सकर्मक असते. घट स्वतः उधळतो तेव्हा ते अकर्मक आहे. या भेदामुळे संदिग्धता उरत नाही.

हा वाद केवळ कोशकारांचा नव्हे. २०२२ मध्ये भारतात विद्युत् दुचाकींना आगी लागण्याच्या घटना घडल्या; त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे निकष कडक करण्यात आले आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. असे निकष पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेकडून प्रसिद्ध होतात. ते इंग्रजीत वाचणारे अभियंते मोजके. दुरुस्तीच्या दुकानात तापलेला बॅटरीसंच उघडणारे हात असंख्य. बाहेरील ज्वाळा विझल्या तरी आतील घट पुन्हा पेटू शकतात, हे त्या हातांना ठाऊक असणे जीवनमरणाचे आहे. ‘पलायन’ हा शब्द त्यांना गाफील ठेवील. ‘उधळणे’ हा सावध करील.

पर्यटनशिक्षणाकडे वळले असता शब्दाचा दोष निराळ्या रीतीने प्रकट होतो. भारतीय पर्यटन व यात्रा व्यवस्थापन संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली, आणि त्यानंतर हा विषय विद्यापीठांतही स्थिरावला. त्याच्या अभ्यासक्रमात बटलर या भूगोलज्ञाने १९८० मध्ये मांडलेले पर्यटनस्थळाचे जीवनचक्र अपरिहार्यपणे येते. शोध, सहभाग, विकास, दृढीकरण व कुंठितावस्था, आणि त्यांच्यापुढे ऱ्हास किंवा पुनरुज्जीवन, अशा त्यातील अवस्था आहेत. स्थळाची क्षमता ओलांडली गेली की कुंठितावस्था येते, असे त्याचे प्रतिपादन आहे. या क्षमतेसाठी ‘वहनक्षमता’ आणि ‘धारणक्षमता’ असे दोन्ही प्रतिशब्द मराठी लेखनात आढळतात, आणि ते एकाच अर्थाचे मानले जातात. ते तसे नाहीत. वहन म्हणजे नेणे. रस्त्याची, कालव्याची किंवा आगगाडीची वहनक्षमता मोजता येते. तेथे प्रश्न असतो तो एका वेळात किती जण पलीकडे गेले याचा. धारण म्हणजे आपल्या ठायी सामावून, न बिघडता टिकवून धरणे. भौतिकीतील ‘उष्माधारकता’ या शब्दात हाच अर्थ आहे.

साताऱ्याजवळील कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा एक घटक म्हणून जागतिक वारसा यादीत गेले. तेथील फुलांच्या हंगामात येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घालून आगाऊ नोंदणीची पद्धत सुरू झाली. ‘वहनक्षमता’ या शब्दाने विचार करणारा नियोजक येथे रुंद रस्ता आणि मोठा वाहनतळ सुचवील, कारण त्यामुळे वहन खरोखरच वाढते. ‘धारणक्षमता’ या शब्दाने विचार करणारा प्रथम मातीच्या पातळ थराकडे पाहील आणि पावलांची संख्या विचारील. २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातील १२ किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात असून जिंजी तमिळनाडूत आहे. या किल्ल्यांच्या पायवाटा, दरवाजे आणि पाण्याची टाकी यांची धारणक्षमता मोजण्याचे काम ज्या विद्यार्थ्यांकडे जाईल, त्यांना कोणता शब्द शिकविला जातो, याला म्हणूनच महत्त्व आहे.

जीवनचक्राची पहिली अवस्था ‘शोध’ ही होय. हा शब्दही तपासून घ्यावयास हवा. १८२८ च्या सुमारास गव्हर्नर माल्कम याच्या काळात महाबळेश्वरला इंग्रजांचे आरोग्यस्थान वसले आणि माल्कम पेठ उभी राहिली. पर्यटनाच्या इतिहासात तो स्थळाचा शोध ठरतो. परंतु कृष्णेच्या उगमाचे क्षेत्र म्हणून महाबळेश्वर त्यापूर्वीच प्रसिद्ध होते. शोध कोणी लावला आणि कोणासाठी, हे ‘शोध’ या नामातून गळून पडते. पुढच्या ‘सहभाग’ या अवस्थेत स्थानिक रहिवासी येतात ते दुसऱ्याच्या उद्योगात भाग घेण्यापुरते. विद्यार्थ्याने अवस्थांची नावे पाठ केली तरी हा प्रश्न त्याला पडत नाही; कारण नामांच्या यादीत कर्त्याला जागाच नसते.

येथून विचार शब्दाकडून वाक्याकडे जातो. मराठीतील ‘-ण्यात येणे’ ही रचना कर्ता वगळण्याची सोय करते. ‘घटाचे तापमान २५ अंशांवर स्थिर ठेवण्यात आले’ या वाक्यात कर्ता नसल्याने काहीही बिघडत नाही. तापमान कोणी स्थिर ठेवले यावर घटाचे वर्तन अवलंबून नसते. प्रवाह किती, परिसर किती उष्ण, एवढे नोंदले म्हणजे पुरे. प्रयोगशाळेतील ही निष्कर्तृक रचना तेथे योग्यच आहे. परंतु तीच रचना व्यवस्थापनाच्या संशोधनात नेली असता, जे मोजावयाचे तेच ती झाकून टाकते.

शिकागोजवळील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेले प्रयोग याचे ठळक उदाहरण होत. आरंभी प्रकाशयोजना बदलून उत्पादन किती वाढते हे पाहण्यात आले. १९२७ पासून रिले जोडणाऱ्या पाच स्त्रियांना स्वतंत्र खोलीत बसवून विश्रांतीच्या वेळा, कामाचे तास इत्यादी गोष्टी बदलण्यात आल्या. उत्पादन वाढले. या प्रयोगमालिकेवरून ‘हॉथॉर्न परिणाम’ ही संज्ञा पुढे रूढ झाली. आपल्याकडे लक्ष दिले जात आहे या जाणिवेनेच माणूस अधिक काम करतो, असा तिचा आशय. परंतु त्या खोलीतील वेतन त्या लहान गटाच्या उत्पादनाशी जोडलेले होते, आणि १९२८ च्या आरंभी पाचांपैकी दोघींना काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघींना आणले होते. प्रकाशयोजनेच्या प्रयोगांची हरवली असे समजली जाणारी आकडेवारी लेव्हिट व लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये पुन्हा तपासली, तेव्हा पाठ्यपुस्तकांतील गाजलेल्या कथेला तिच्यात फारसा आधार मिळाला नाही.

आता मराठी पाठ्यपुस्तकाच्या धर्तीचे वाक्य पाहावे : ‘कामाच्या परिस्थितीत बदल करण्यात आले व त्यामुळे कामगारांची कार्यक्षमता वाढल्याचे आढळून आले.’ बदल कोणी केले, कोणाच्या वेतनावर त्याचा परिणाम झाला, कोणाला खोलीबाहेर जावे लागले, आणि कोणाला ‘आढळून आले’, या चारही प्रश्नांना हे वाक्य निरुत्तर आहे. हॉथॉर्नचा धडा काही असेल तर तो हाच की, माणसांवरील प्रयोगात प्रयोग करणारा हा परिस्थितीचाच भाग असतो. त्याला वाक्यातून वगळणे म्हणजे परिस्थितीचा एक घटक नोंदीतून वगळणे होय. भौतिकीकडून उसनी घेतलेली वाक्यरचना येथे शास्त्रीयतेचा आभास तेवढा निर्माण करते.

याविरुद्ध असे म्हटले जाईल की, संज्ञेचा अर्थ व्याख्येने ठरतो. व्युत्पत्तीने वा प्रतिमेने ठरत नाही. ‘पलायन’ म्हणजे अमुक क्रिया, असे एकदा ठरविले की वाद मिटला. हे म्हणणे शुद्ध शास्त्रापुरते मान्य करता येईल. तेथे लेखक आणि वाचक दोघेही व्याख्या वाचून आलेले असतात. उपयोजित संशोधनाचा वाचक मात्र बहुधा व्याख्येपर्यंत पोहोचत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो सूचनाफलकावरचा, माहितीपत्रकावरचा किंवा वरिष्ठाच्या तोंडचा सुटा शब्द. त्या शब्दातून तो जे अनुमान काढील तेच त्याच्यापुरते संशोधनाचे फलित. योग्य शब्द सापडत नसेल तेथे ‘थर्मल रनअवे’ हा मूळ शब्द देवनागरीत ठेवणे अधिक श्रेयस्कर. तो मुका आहे, पण खोटे बोलत नाही.

यावरून दोन कसोट्या सुचतात. प्रतिशब्द ऐकून, व्याख्या न वाचता, जाणकार कारागीर कोणती कृती करील, ही पहिली. वाक्यातील गाळलेला कर्ता परत घातला असता निष्कर्ष बदलतो काय, ही दुसरी. बदलत नसेल तर तो खुशाल गाळावा. बदलत असेल तर त्याला गाळण्याचा अधिकार संशोधकाला नाही. या दोन्ही कसोट्यांसाठी अवघड उपकरणे लागत नाहीत. परिभाषा छापण्यापूर्वी ती बॅटरी दुरुस्त करणाऱ्यापुढे, गडावर पाहुण्यांना नेणाऱ्यापुढे आणि कारखान्यातील मुकादमापुढे वाचून दाखवावी, आणि त्यांना काय समजले ते विचारावे. हे काम अभियांत्रिकी, पर्यटन व व्यवस्थापन या विभागांनी भाषाविभागाला बरोबर घेऊन करावयाचे आहे. ते न करता मराठीत प्रबंध लिहिले जात राहिले, तर त्यांतील लिपी तेवढी मराठी असेल, आणि ज्यांच्यासाठी संशोधन ‘उपयोजित’ म्हणविले जाते, त्यांना ते परकेच राहील.