विंचवाचा उतारा आणि आमचें आरोग्यवाङ्मय

कथा-कवितांचें परीक्षण आमच्या मासिकांतून दरमहा होत असतें. परंतु त्याच मासिकांतून व वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून नव्या औषधोपचारांविषयीं जें लेखन येतें, त्याची पारख करण्याचें कोणीं मनावर घेतलेलें दिसत नाहीं. लेखन उपयुक्त म्हटलें कीं तें टीकेच्या कक्षेबाहेरचें, असा आपला समज झाला आहे. वास्तविक कथा फसली तर वाचकाची घटकाभर करमणूक हुकते, इतकेंच. आरोग्यविषयक लेख फसला तर काय होऊं शकतें, हें आम्हांस मंद्रूप येथें कळून आलें.

सोलापुराहून विजयपूरच्या वाटेनें निघून वडकबाळचा सीनेवरील पूल ओलांडला कीं पुढें मंद्रूप लागतें. मुलूख काळ्या मातीचा व ज्वारीचा. आणि कडब्याची गंज हलविली किंवा दगडी कुंपणांत हात घातला, तर विंचवाचाही. तेथें आप्तांच्या ओसरीवर बसलों असतां विंचवाच्या विषावरील एका गोळीची हकीकत सांगणारा लेख आम्हीं मोठ्यानें वाचून दाखविला. लेख चटकदार होता. त्यांत मांत्रिकाची यथेच्छ टवाळी होती, डॉक्टरांस देवदूत म्हटलें होतें व गोळीस संजीवनी. वाचन संपतांच आमच्या वृद्ध चुलती म्हणाल्या, "कां रे, मग ही गोळी आणून फडताळांत ठेवूं या कीं. विंचवाला चालते म्हणजे सापालाबी चालंल."

चुलतींचें कांहीं चुकलें नव्हतें. लेखानें जें सांगितलें त्यावरून कोणीही सरळ बुद्धीचा श्रोता हाच निष्कर्ष काढील. चूक लेखाची होती, आणि ती कोठें झाली हें पाहण्यासारखें आहे.

मूळ हकीकत मोलाची आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ सालीं महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशानें धडधाकट माणसें व मुलें तेथें डोळ्यांदेखत दगावत. बावस्कर रुग्णाच्या उशाशीं बसून नाडी, रक्तदाब, श्वास व घाम यांची तासातासाची टिपणें ठेवीत. धोक्याची पूर्वसूचना देणाऱ्या लक्षणांवरील त्यांचा लेख १९८२ सालीं 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय नियतकालिकांत आला. 'प्रॅझोसिन' या औषधाचा अनुभव त्यांनीं पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह १९८६ सालीं तेथेंच मांडला.

हें औषध मुळांत रक्तदाबाचें. तें विंचवावर कां चालावें, हें सांगणें अवघड नाहीं. विंचवाचें विष मज्जातंतूंस एकसारखें चेतवीत राहतें. त्यामुळें शरीरांतील रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात आणि रक्तदाब चढतो. अरुंद झालेल्या नळ्यांतून रक्त रेटतां रेटतां हृदय थकतें. मग फुप्फुसांत पाणी सांचून रोगी गुदमरतो. प्रॅझोसिन आकसलेल्या वाहिन्या सैल करतें व हृदयावरचा भार उतरवितें. म्हणजे तें विष मारीत नाहीं. विषानें मांडलेला कहर आवरतें. लेखकानें हें एक वाक्य लिहिलें असतें, तर साप व विंचू यांची गल्लत झालीच नसती.

दुसरा दोष मांत्रिकाच्या टवाळीचा. टवाळीनें गांवकरी दुखावतो, पण त्याची समजूत पालटत नाहीं. कारण त्यानें विंचू 'उतरलेला' स्वतः पाहिलेला असतो. बहुतेक दंशांत वेदना भयंकर होते. परंतु ती त्या जागेपुरतीच राहून पुढें आपोआप ओसरते. त्या वेळीं जो मंत्र म्हणत असेल, त्याच्या पदरीं यश पडतें. उलट ज्याला वेदना फारशी जाणवत नाहीं, परंतु दरदरून घाम सुटला आहे, उलट्या होत आहेत व हातपाय थंडगार पडले आहेत, तोच खऱ्या संकटांत असूं शकतो. घरचे मात्र त्याला दुखत नाहीं म्हणून निश्चिंत असतात. मुलग्यांच्या जननेंद्रियाचा ताठरपणा हेंही धोक्याचें लक्षण आहे. संकोचामुळें घरांत तें कोणी बोलत नाहीं, आणि आमचे लेखकही गाळतात. एकनाथांच्या भारुडांतील विंचू काम-क्रोधांचा आहे खरा, पण त्यांतील दंश झालेल्या माणसालाही घाम सुटलेला आहे. लोकांच्या नजरेस पडलेलें हें लक्षण शास्त्राशीं जोडून देणें हें लेखकाचें काम. त्याऐवजीं तो हंसत बसतो.

उतरलेल्या विंचवांची ही फसवी साक्ष खोडण्यास एकच उपाय आहे, तो म्हणजे तुलना. बावस्कर दांपत्यानें महाड येथें केलेला एक प्रयोग २०११ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें प्रसिद्ध झाला. विषबाधा झालेल्या ७० रुग्णांचे त्यांनीं आपल्या आवडीनिवडीस वाव न ठेवतां दोन गट पाडले. निम्म्यांस केवळ प्रॅझोसिन दिलें, निम्म्यांस त्याच्या जोडीला विंचवाची प्रतिविषलस. दहा तासांनीं दुसऱ्या गटांतील ३५ पैकीं ३२ रुग्ण लक्षणमुक्त झाले होते. पहिल्या गटांतील केवळ ८. ज्या गोळीमुळें आपलें नांव झालें, ती एकटी लसीच्या जोडीपेक्षां मंद ठरते, हें त्याच डॉक्टरांनीं स्वतः सिद्ध करून छापलें! आमच्या मतें सबंध हकीकतींतील हा सर्वांत उदात्त प्रसंग होय. आणि आम्हीं वाचून दाखविलेल्या लेखांत त्याचा उल्लेखही नव्हता. देवदूतास तुलना करावी लागत नाहीं; संशोधकास करावी लागते. बावस्करांचें 'बॅरिस्टर कार्टं' हें आत्मचरित्र मराठींत आहे, २०२२ सालीं त्यांस पद्मश्रीही मिळाली. गौरव उचितच, पण गौरवाच्या भरांत त्यांची टिपणवही विसरणें हा त्यांच्यावरच अन्याय आहे.

तिसरा आणि सर्वांत घातक दोष म्हणजे उपायाची मर्यादा न सांगणें. प्रॅझोसिननें रक्तदाब एकाएकीं उतरूं शकतो. म्हणून तें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, रोग्यास निजवून द्यावयाचें असतें. फडताळांतली ती वस्तु नव्हे. सापाच्या विषावर तर तिचा कांहींच इलाज नाहीं. तेथें नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांवरची प्रतिविषलसच हवी. दंशाची जागा कापूं नये, करकचून बांधूं नये. तो अवयव हालूं न देतां रोग्यास रुग्णालयांत न्यावें. २००० ते २०१९ या काळांत भारतांत सर्पदंशानें वर्षास सरासरी ५८ हजार माणसें मेलीं, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला आहे. अशा देशांत 'विंचवाची गोळी सापाला चालेल' हा समज एका ओसरीवर जरी रुजला, तरी लेखकाची शैली कितीही रसाळ असली म्हणून तिला काय करावयाचें?

म्हणून आरोग्यलेखनास आम्ही तीन प्रश्न विचारूं इच्छितों. उपाय कशामुळें चालतो, हें सांगितलें आहे काय? तो कशाच्या तुलनेंत चांगला ठरला, हें सांगितलें आहे काय? आणि तो कोठें चालत नाहीं, हें सांगितलें आहे काय? हे तीन प्रश्न विंचवापुरते नाहींत. मधुमेहाच्या नव्या इंजेक्शनापासून कर्करोगावरील नव्या उपचारांपर्यंत रोज छापून येणाऱ्या प्रत्येक वार्तेस ते लागू आहेत.

त्या संध्याकाळीं लेख बाजूस ठेवून आम्हीं चुलतींना वरील गोष्ट साध्या शब्दांत सांगितली. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "म्हणजे घाम सुटून हातपाय गार पडले, तर रडत नसलं तरी पोराला उचलायचं आन् दवाखाना गांठायचा, गोळी डॉक्टरच देतील. आन् साप असला तर गोळीचं नांवच काढायचं नाहीं." चटकदार लेखाच्या दोन पानांत जें नव्हतें, तें त्यांच्या या दोन वाक्यांत आलें होतें.