मॉरिस मायनरच्या ढिलाईचा माग

1948 साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मॉरिस मायनर लोकांसमोर आली. तिचा गोलसर बांधा डोळ्यांत भरतो, पण अॅलेक इसिगोनिस यांच्या या गाडीचा खरा गुण चालवणाऱ्याच्या हातांना कळतो. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत स्टेअरिंग बॉक्स, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक अशी सांध्यांची रांग असे. मायनरला रॅक-पिनियन मिळालं. पिनियन फिरतो, दात्यांचा रॅक डावी-उजवीकडे सरकतो आणि त्याच्या टोकांचे टाय रॉड चाकं वळवतात. सांधे कमी, त्यामुळे ढिलाईला लपायला जागाही कमी. आपल्याकडच्या मेकॅनिकला ही रचना परकी वाटणार नाही. मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेल्या अॅम्बेसेडरलाही रॅक-पिनियनच होतं.

अशा मायनरला आज कुणी इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग बसवतं, तेव्हा या रचनेचं मोल नव्याने कळतं. मोटर डॅशबोर्डखाली, कॉलमवर बसते. कॉलमच्या दोन भागांमध्ये एक बारीक टॉर्शन बार असतो. हाताने जोर लावला की तो किंचित पिळवटतो, सेन्सर तो पीळ मोजतो आणि मोटर पुढच्या शाफ्टला रेटा देते. म्हणजे मदत येते ती रॅकच्या आधी. त्याच्या पुढे जे झिजलंय, ते झिजलेलंच राहतं.

म्हणून ‘स्टेअरिंग ढिलं लागतंय’ अशी तक्रार आली की मेकॅनिकने आधी मोटरचा फ्यूज काढावा. फ्यूज काढल्यावर व्हील जड झालं, पण मधला रिकामा खेळ गेला, तर दोष झिजेचा नसून मदतीच्या मात्रेचा असतो. खेळ तसाच राहिला, तर खाली वाकायचं. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी हवी. एकाने व्हील थोडंसं डावी-उजवीकडे हलवत राहायचं आणि दुसऱ्याने वरपासून खालपर्यंत एकेका सांध्यावर तळहात ठेवत जायचं. टाय रॉड एंडमधला झिजलेला बॉल डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना ‘टक्’ करून कळतो.

मग जॅक. चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं की टाय रॉड आणि रॅक बोलतात. बारा आणि सहाच्या जागी धरलं की चाक ज्यावर वळतं तो किंगपिन आणि व्हील बेअरिंग. या दोघांतला फरक ओळखण्याची युक्ती मला फार आवडते: कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ड्रम जखडला आणि खेळ थांबला, तर बेअरिंग ढिलं. तरीही चाक डुलतंय, तर किंगपिन. मायनरचा किंगपिन खाली-वर आटे असलेल्या ट्रनियनमध्ये फिरतो आणि त्या आट्यांना वेळच्या वेळी ग्रीस लागतं. ते मिळालं नाही तर आटे झिजतात. दुर्लक्ष वाढलं, तर खालचा ट्रनियन निसटून चाक बाहेर कोलमडतं. इथला खेळ म्हणूनच थेट जिवाशी निगडित आहे.

मोटर बसवताना आलेले नवे सांधेही तपासायला हवेत. युनिव्हर्सल जॉइंटचा बोल्ट शाफ्टवरच्या खाचेत नीट बसलाय का? मोटरचं ब्रॅकेट कडक आहे का? मोटर शाफ्टला जितका रेटा देते, तितकाच उलटा रेटा तिच्या आवरणावर येतो. ब्रॅकेट लवचीक असेल, तर रॅक हलण्याआधी कॉलमच पिळवटतो आणि हाताला तो पीळ हुबेहूब झिजेसारखा लागतो. वीजपुरवठ्याचंही तसंच. मूळ मायनर पॉझिटिव्ह अर्थची आणि डायनॅमोवाली. आयडलिंगला डायनॅमो जवळपास काहीच चार्ज देत नाही, आणि पार्किंग करताना मोटरला नेमका तेव्हाच सर्वाधिक करंट लागतो. त्यामुळे या कामात अल्टरनेटर ही चैन राहत नाही.

सगळ्यात मोठा मोह असतो रॅक डॅम्परचा. स्प्रिंगने दाबलेला हा ठोकळा रॅकला पिनियनशी भिडवून ठेवतो. शिम काढले की दाब वाढतो आणि खेळ लगेच नाहीसा झाल्यासारखा वाटतो. पण गाडी बहुतेक वेळ सरळ धावते, म्हणून मधले दाते जास्त झिजतात. मध्यावर खेळ मारायला डॅम्पर आवळला, की टोकाच्या न झिजलेल्या दात्यांवर रॅक अडकतो आणि वळणानंतर व्हील आपणहून मागे येत नाही. मूळ मायनरमध्ये ही अडचण हाताला ताबडतोब कळायची. आता मोटर अडकलेला रॅकही मुकाट्याने रेटून नेते. दोष तसाच राहतो, फक्त त्याची तक्रार बंद होते.

म्हणूनच इथे क्रम हाच कौशल्याचा गाभा आहे. आधी किंगपिन, मग टाय रॉड, मग रॅक, त्यानंतर टो-इन आणि टायरमधली हवा. मदतीची मात्रा ठरवणारा नॉब असेल, तर तो सर्वांत शेवटी फिरवावा, आणि तोही मालकाच्या खांद्यांना झेपेल इतक्या कमी मदतीवर ठेवावा. इसिगोनिस यांच्या रॅकमधून रस्त्याची जी खबर हातापर्यंत येते, ती त्याहून जास्त मदतीखाली दबून जाते.