माफ करणाऱ्या काठ्या

साहित्याच्या समीक्षकाला एक मोठी सोय असते. कादंबरीवर लिहायला त्याने स्वतः कादंबरी लिहिलेली असावी लागत नाही. गोल्फच्या काठ्यांवर चार शब्द लिहायला मी धजतो आहे, तो याच सवलतीच्या आधारावर. गेली अठरा वर्षं मी गोल्फ खेळतो. म्हणजे आठवड्यातून दोनदा भल्या पहाटे मैदानावर जातो, आणि माझा खेळ पाहिलेली माणसं त्याविषयी विचारलं की हवापाण्याच्या गोष्टी काढतात.

मी मूळचा नाशिकचा. तिथे हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्या नावाचं मोठं मैदान आहे. पण रिक्षावाल्यापासून सगळे त्याला 'गोल्फ क्लब'च म्हणतात. त्या गोल्फ क्लबवर मी क्रिकेट पाहिलं आणि संध्याकाळी चकरा मारणारे पेन्शनर पाहिले. गोल्फ तेवढा कधी दिसला नाही. पुढे बँकेच्या नोकरीत बदली होऊन पुण्याला आलो, वरचे साहेब गोल्फ खेळत असत, आणि वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी हातात काठी घेतली. साहेब निवृत्त झाले, मी निवृत्त झालो, काठी मात्र सुटली नाही.

(खेळणारे 'क्लब' म्हणतात. पण आमच्या सौ. पहिल्या दिवसापासून 'काठ्या' म्हणत आल्या आहेत, आणि घरात त्यांचाच शब्द चालतो.)

माझा पहिला संच जुन्या बाजारातला. लोखंडी काठ्या 'ब्लेड' जातीच्या, म्हणजे पातळ पात्याच्या. वजन सगळं पात्याच्या मधोमध. चेंडू नेमका तिथे लागला, तर पिकलेला आंबा देठापासून सुटावा तसा तो सुटतो आणि हाताला काही लागलं असं वाटतच नाही. पण अर्धा इंच इकडेतिकडे झालं की डिसेंबरातल्या सकाळी हाताला जी झिणझिणी येते, ती थेट मराठी शाळेतल्या छडीची आठवण करून देते. ही काठी खोटं बोलत नाही. तुम्ही चुकलात, हे ती तुम्हाला, तुमच्या कोपराला आणि शेजारच्या कॅडीला एकाच वेळी सांगते.

या घराण्याचे कट्टर पुरस्कर्ते म्हणजे माझे जोडीदार कर्नलसाहेब. वय चौऱ्याहत्तर. त्यांचा ड्रायव्हर अजून लाकडी होता, पर्सिमनचा. पर्सिमन हे अमेरिकेतलं झाड, आपल्या टेंभुर्णीचं सख्खं चुलत भावंड. एकाच कुळात जन्मून एकाने विड्यांना पानं पुरवावीत आणि दुसऱ्याने साहेबांना काठ्या, याला नशीब म्हणायचं. १९७९ च्या सुमारास ड्रायव्हरची धातूची डोकी बाजारात आली आणि पुढच्या दहापंधरा वर्षांत लाकूड हद्दपार झालं. नाव मात्र अजून 'वुड'च आहे. कर्नलसाहेब या सगळ्याला 'पत्र्याचे डबे' म्हणत.

तीन वर्षांपूर्वी आमचे चिरंजीव अमेरिकेहून आले आणि येताना नवा संच घेऊन आले. त्यातला ड्रायव्हर टायटॅनियमचा. जुन्या लाकडी ड्रायव्हरचं डोकं मोठ्या पेरूएवढं. हे म्हणजे सोललेला नारळ. नियमाने ४६० घन सेंटिमीटरची मर्यादा घातली नसती, तर कारखानदारांनी भोपळ्यापर्यंत मजल मारली असती. दांडा हलका, लवचीक, आणि त्यावर ठसठशीत 'सीनियर' असं छापलेलं. रेल्वेने २०२० साली आमची ज्येष्ठांची सवलत बंद केली, ती या दांड्याने चालू ठेवली आहे.

"बाबा, हा सेट फार फर्गिव्हिंग आहे," चिरंजीव म्हणाले.

हा शब्द मला नवा होता. काठी माफ करते म्हणजे काय? चिरंजीवांनी काठी उलटी करून दाखवली. पात्याच्या पाठीला खळगा, आणि मधलं वजन काढून कडेकडेने वाटून दिलेलं. त्यामुळे चेंडू मध्यावर लागला नाही, तरी पातं हातात फिरत नाही आणि फटका बऱ्यापैकी सरळ जातो. कार्स्टन सोल्हाइम नावाच्या इंजिनियरने १९५९ साली पटरच्या बाबतीत हीच युक्ती केली होती. चेंडू लागला की त्यातून 'पिंग' असा आवाज येई, म्हणून त्याने नावही तेच ठेवलं.

आता समीक्षा. या काठ्यांवर माझे दोन आक्षेप आहेत. पहिला आकड्यांचा. नव्या सात नंबरने माझा चेंडू जुन्यापेक्षा पंधरा यार्ड लांब गेला, तेव्हा मी तारुण्य परत आलं म्हणून घरी श्रीखंड आणलं. नंतर कळलं, की जुन्या सात नंबरचं पातं साधारण पस्तीस अंशांत कललेलं असायचं. नव्याचं तिशीच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. कल कमी तर चेंडू लांब. म्हणजे ही जवळजवळ जुनी सहा नंबरचीच काठी, खाली फक्त सात कोरलेलं. चाळीसच्या पँटला छत्तीसची चिठ्ठी लावणारे शिंपी मला ठाऊक होते; ते या धंद्यातही शिरले असतील असं वाटलं नव्हतं. श्रीखंड मात्र तोवर संपलं होतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. काठीने माफ करायला सुरुवात केली, की चूक कुठे झाली ते कळेनासं होतं. वाईट फटका बरा जातो आणि चांगला फटकाही बराच जातो. नव्या काठ्यांवर पहिले सहा महिने माझे गुण सुधारले आणि मजा कमी झाली. ते आंब्याचं देठ कुठे सापडेना.

म्हणून मी मध्यममार्ग काढला. नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या चालतात. कमीत कमी किती, याला नियम नाही. मी सात नेतो. लांबच्या पाच नव्या, माफ करणाऱ्या. त्या अंतरावर माझ्या अंगात आता प्रामाणिकपणा परवडण्याइतकी ताकद उरलेली नाही. जवळच्या मारासाठी जुन्या संचातली नऊ नंबरची ब्लेड. आणि सातवा पितळी पटर, जो कुणालाही कधीच माफ करत नाही. सव्वाचार इंचाच्या त्या भोकाशी त्याची माझी झुंज लहानपणीच्या गोट्यांच्या गलीइतकीच चुरशीची असते. सौ. देवाच्या भांड्यांबरोबर त्यालाही चिंच लावून लख्ख करतात. त्याने चेंडू आत जात नाही, पण बाहेर राहिलेला शोभून दिसतो.

चेंडूच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. चेंडू जितका महाग तितका तो पाण्याकडे ओढला जातो. मी तळ्यातून काढलेले, पोरांनी धुऊन विकलेले चेंडू वापरतो. त्यांना पोहण्याचा अनुभव असतो. हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळत, २०१९ पासून तीनच मिळतात. आमच्या वयाला त्यातलं एक मिनिट वाकण्यात जातं.

माझ्या मध्यममार्गाला कर्नलसाहेब 'तडजोड' म्हणत. पण गेल्या पावसाळ्यानंतर त्यांचा चेंडू तळ्यापलीकडे जाईना. पहिल्या आठवड्यात एक बुडाला, पुढच्या आठवड्यात तीन. मग त्यांचं मनगट दुखायला लागलं, मग गुरुवारी पाहुणे यायला लागले, आणि मग फोनच येईना. महिनाभर मी एकटाच खेळलो. चूक दाखवायला समोर कुणी नसलं की खेळात राम राहत नाही, हे काठीच्या बाबतीत कळलं होतं, तेच माणसाच्याही बाबतीत कळलं.

शेवटी त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, "कर्नलसाहेब, माझा ड्रायव्हर काही दिवस ठेवता का? घरात अडचण होते आहे."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तो डबा?"

"तोच."

"कोपऱ्यात ठेवा," ते म्हणाले.

पुढच्या गुरुवारी ते मैदानावर हजर. ड्रायव्हर मला परत दिला आणि म्हणाले, "वापरला नाही." तळ्यापाशी त्यांनी आपल्या पिशवीतली काठी काढली. तिच्या डोक्यावर काकूंनी विणलेलं तेच जुनं लोकरीचं टोपडं होतं, लाकडी ड्रायव्हरच्या मापाचं. पण आज ते कपाळावरच अडकलं होतं, आणि खालून करड्या टायटॅनियमचा चांगला मोठा भाग चमकत होता. त्यांनी टोपडं घाईघाईने काढून खिशात कोंबलं, पवित्रा घेतला आणि फटका मारला. चेंडू जरा उजवीकडे गेला, तळ्यावरून तरंगत पलीकडच्या गवतात पडला.

कॅडीने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

"लाकूडच ते," कर्नलसाहेब म्हणाले, "मुरायला वेळ लागतो."

"हो ना," मी म्हणालो, आणि माझा पोहणारा चेंडू टीवर ठेवला.