तीन भिंतींचं टेलिव्हिजन

‘ॲडोलसन्स’ चांगली आहे, त्याबद्दल माझं भांडण नाही. भांडण तिच्या कौतुकाशी आहे. मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली ही चार भागांची ब्रिटिश मालिका, प्रत्येक भाग सलग एका शॉटचा. कॅमेरा पोलिसांच्या गाडीत बसतो, शाळेच्या खिडकीतून बाहेर झेपावतो, दुसऱ्या भागाच्या शेवटी तर चक्क आकाशात उडतो. परीक्षणांचा पाऊस पडला आणि बहुतेकांत एकच पालुपद ऐकू आलं: टेलिव्हिजन आता सिनेमाच्या पंक्तीला बसलं. जणू साठ-सत्तर वर्षं ते बिचारं उंबऱ्याबाहेर पान वाढायची वाट बघत ताटकळलं होतं.

या मालिकेतला सर्वांत जबरदस्त भाग कोणता, ते कोणालाही विचारा. तिसरा. एक खोली, एक टेबल, खुनाचा आरोप असलेला तेरा वर्षांचा मुलगा आणि त्याला तपासायला आलेली मानसशास्त्रज्ञ. ओवेन कूपर आणि एरिन डोहर्टी. आकाशात उडालेला तो कॅमेरा इथे मुकाट्याने दोघांभोवती घुटमळतो. मध्येच कोणी अडखळलं तर पुन्हा पहिल्यापासून, कारण जोडकामाला जागाच ठेवलेली नाही. यात सिनेमा कुठे आला? हे तर अस्सल जुनं ब्रिटिश टेलिव्हिजन-नाटक. १९६२ मध्ये ‘झेड कार्स’ ही पोलिसी मालिका सुरू झाली तेव्हा ती थेट प्रक्षेपित व्हायची. नट वाक्य विसरला तर अख्ख्या देशासमोर विसरायचा. ‘ॲडोलसन्स’ने नवी वाट काढलेली नाही. ती बुजवलेली वाट उकरून तिच्यावरून चालली, आणि हेच तिचं मोठेपण आहे.

ब्रिटिश टेलिव्हिजनचं जे काही पुन्हापुन्हा बघण्यासारखं आहे ते बहुतेक सगळं स्टुडिओत, तीन भिंतींच्या सेटवर घडलं. याचं कारण अर्थातच दारिद्र्य. बाहेरचं चित्रण फिल्मवर करावं लागे आणि ते महाग पडे. पण त्या लोकांनी या अडचणीतूनच आपला विषय काढला. इंग्रज समाज म्हणजे जन्माने मिळालेल्या पायरीवर अडकलेल्या माणसांचा समाज, आणि अडकलेला माणूस दाखवायला खोलीइतकी चांगली जागा नाही.

‘स्टेप्टो अँड सन’ घ्या. लंडनच्या शेपर्ड्स बुशमधले दोन भंगारवाले, बाप अल्बर्ट आणि चाळिशीकडे झुकलेला मुलगा हॅरल्ड. जानेवारी १९६२ मध्ये ‘कॉमेडी प्लेहाउस’मध्ये त्याचा पहिला भाग एकांकिकेसारखा सुटा दाखवला गेला. हॅरल्ड घर सोडायचं ठरवतो, सगळं किडुकमिडुक गाडीवर लादतो. बाप घोडा द्यायला नकार देतो. हॅरल्ड स्वतःच गाडी ओढायला जातो आणि ती जागची हलत नाही. हॅरी एच. कॉर्बेट त्या क्षणी जे रडतो ते विनोदी मालिकेत बसणारं रडणं नाही. लेखक रे गॅल्टन आणि ॲलन सिम्पसन यांनी मुद्दाम विनोदवीर न घेता नट घेतले होते, ते कशासाठी, हे त्या मिनिटात कळतं. मालिका १९७४पर्यंत चालली आणि हॅरल्ड कधीच सुटला नाही. १९७२च्या एका भागात तो घराच्या मधोमध भिंत घालतो. अर्धं घर तुझं, अर्धं माझं, टीव्हीसुद्धा अर्धाअर्धा. आधीच लहान असलेला सेट आणखी लहान होतो, आणि प्रेक्षक हसता हसता कासावीस होतो. १९६४च्या मतदानाच्या दिवशी ही मालिका लागली तर आपले मतदार घरातून हलणार नाहीत, अशी धास्ती हॅरल्ड विल्सन यांना वाटली होती आणि बीबीसीने त्या दिवशी तिची वेळ पुढे ढकलली. भंगारवाल्याच्या खोलीने पंतप्रधान होऊ घातलेल्या माणसाची झोप उडवली! कोट्यवधी पौंड ओतलेल्या आजच्या कोणत्या मालिकेला एवढा मान मिळतो?

मग ‘पॉरिज’. डिक क्लेमेंट आणि इयन ला फ्रेने यांची, तुरुंगातली. तिचा ‘अ नाइट इन’ हा १९७४चा भाग बघा. मुरलेला कैदी फ्लेचर, पहिल्यांदाच आत आलेला पोरगा गॉडबर, एक कोठडी, एक रात्र. अर्धा तास दोघं फक्त बोलतात. बाहेरच्या जगातली एकही चौकट नाही, पूर्वायुष्याची झलक नाही, पार्श्वसंगीताचा उमाळा नाही. रॉनी बार्करचा फ्लेचर त्या पोराला रात्र कशी काढायची ते शिकवतो आणि त्याची गंधवार्ताही लागू देत नाही. आजच्या पटकथालेखकाने याच प्रसंगात गॉडबरचं बालपण, त्याची मैत्रीण आणि पावसात उभी असलेली आई, तिघांनाही घुसवलं असतं.

‘फॉल्टी टॉवर्स’बद्दल लिहायचं ते सगळं लिहून झालंय, बारा भाग, आणि तेरावा लिहिण्याचा मोह जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांनी टाळला, एवढं पुरे. ‘यस मिनिस्टर’ आपल्याकडे ‘जी मंत्रीजी’ होऊन आली आणि फारूख शेखने ती निभावली, कारण सचिवाच्या केबिनचा मामला दिल्लीत वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ‘कीपिंग अप अपिअरन्सेस’ हा पाच वर्षं लांबवलेला एक विनोद. ‘मिस्टर बीन’ विमानप्रवासापुरता ठीक. ‘माइंड युअर लँग्वेज’, म्हणजे आपल्या ‘जबान संभालके’चं मूळ, तीही एका वर्गाबाहेर फारशी पडत नाही, हे मान्य. पण त्या वर्गात कोणी अडकलेलं नाही. प्रत्येक जण आपापला देश अंगावर चढवून विनोदाला हजर. नुसत्या खोलीने भागत नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

‘ब्लॅकॲडर’चा दाखला मात्र टाळता येणार नाही. १९८३ची पहिली मालिका त्यांनी थाटात केली. खराखुरा किल्ला, घोडे, बर्फ. जमली नाही. खर्च आटोक्यात आणल्याशिवाय दुसरी मिळणार नाही, असं बीबीसीने बजावलं. बाहेरचं चित्रण जवळजवळ बंद झालं, रिचर्ड कर्टिसच्या जोडीला बेन एल्टन आला, घोड्यांवरचा पैसा वाचला आणि शब्दांवरची मेहनत वाढली. तिथून १९८९च्या खंदकातल्या शेवटच्या भागापर्यंत मालिका चढतच गेली. त्या शेवटच्या भागातही हल्ल्याचा हुकूम येईपर्यंत माणसं चिखलाच्या खोलीत बसून नुसती बोलतात.

गंभीर नाटकात हीच गोष्ट अधिक ठळक होते. ‘आय, क्लॉडियस’ १९७६ची. रोमन साम्राज्य, आणि सगळं बीबीसीच्या स्टुडिओत. आखाड्यातले खेळ चालू असतात तेव्हा आपल्याला फक्त राजघराण्याचा सज्जा दिसतो. गर्दी नुसती ऐकू येते. ऑगस्टसच्या मृत्यूचा प्रसंग तर दिग्दर्शनाच्या वर्गात सक्तीने दाखवावा. ब्रायन ब्लेस्डचा चेहरा पडदाभर. लिव्हिया, म्हणजे शान फिलिप्स, चौकटीबाहेरून त्याच्याशी बोलत राहते, संथ, जवळजवळ मायेने. कॅमेरा त्या चेहऱ्यावरून हलत नाही. आणि कोणत्या क्षणी त्या उघड्या डोळ्यांतला माणूस निघून गेला ते नेमकं सांगता येत नाही. हर्बर्ट वाइजने इथे एक कट घेतला असता तर प्रसंग मेला असता. तीसेक वर्षांनी ‘रोम’ने इटलीत अख्खं शहर उभारलं, त्यातला दगड आठवतो, माणूस नाही.

माइक लीचं ‘ॲबिगेल्स पार्टी’, १९७७, एक दिवाणखाना आणि एक संध्याकाळ. डेनिस पॉटरचं ‘द सिंगिंग डिटेक्टिव्ह’, १९८६, इस्पितळातल्या खाटेला खिळलेला मायकेल गॅम्बन; बाहेरचं सगळं जग त्याच्या डोक्यात, म्हणून त्यातली गाणी आणि खून खिळलेपणातूनच फुटतात. ॲलन बेनेटचं ‘टॉकिंग हेड्स’, १९८८, एक खुर्ची आणि एक माणूस. त्यात मॅगी स्मिथ झाली आहे चोरून दारू पिणारी पाद्र्याची बायको. तिला समजून घेणारा एकच पुरुष भेटतो, लीड्समधला किराणा दुकानदार रमेश. तो आपल्याला एकदाही दिसत नाही. परदेशी पडद्यावर दिसलेल्या डझनभर भारतीयांपेक्षा हा न दिसलेला रमेश खरा वाटतो.

आता कोणीतरी केन लोचचं नाव घेणार. घ्यावंच. नोव्हेंबर १९६६ मध्ये ‘कॅथी कम होम’ आलं ते लोच आणि निर्माता टोनी गार्नेट कॅमेरा घेऊन स्टुडिओबाहेर पडले म्हणूनच. ट्रॉय केनेडी मार्टिनने १९६४ मध्ये स्टुडिओतल्या बोलघेवड्या वास्तववादावर जाहीर हल्ला चढवला होता, तोही मला ठाऊक आहे. गंमत म्हणजे ज्या ‘झेड कार्स’चा मघाशी उल्लेख केला तिचा जनक हाच. ही माणसं बाहेर पडली ती बेघर लोक बाहेर होते म्हणून. बेकारांच्या रांगा बाहेर होत्या म्हणून ॲलन ब्लीजडेलची ‘बॉइज फ्रॉम द ब्लॅकस्टफ’ १९८२ मध्ये लिव्हरपूलच्या रस्त्यांवर हिंडली. यॉसर ह्यूज रस्त्यावरही अडकलेलाच आहे, आणि बर्नार्ड हिल त्याची तडफड अशी करतो की ते उघडं आकाशही छतासारखं वाटतं. बाहेर पडण्याला माझा विरोध कधीच नव्हता. त्यांचे वारसदार म्हणवणारे आज बाहेर पडतात ते वाडे दाखवायला, माझा राग त्यावर आहे.

हा रोग १९८१च्या ‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’पासून लागला. कासल हॉवर्डचा घुमट इतका देखणा की पात्रांनी बोलायची गरजच उरली नाही. ‘द ज्युवेल इन द क्राउन’ १९८४ची. ब्रिटिश राजच्या या हळव्या उमाळ्याचा सलमान रश्दींनी त्याच वर्षी खरपूस समाचार घेतला होता. मला त्यातले उदयपूर, शिमला आठवत नाहीत. कंडीपटच्या तुरुंगातली हरी कुमारची चौकशी आठवते. पुन्हा खोली! पुढे तर वाड्याशिवाय मालिका विकेना. ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’ १९७१ ते १९७५ या काळात स्टुडिओतल्या स्वयंपाकघरात घडली. तिथल्या नोकरांना घाम होता, वैर होतं, हिशेब होते. ‘डाउन्टन ॲबी’त तेच नोकर मालकाच्या सुखासाठी देव पाण्यात घालून बसतात आणि प्रसंग जरा तापला की कॅमेरा हायक्लेअर कासलच्या हिरवळीवर हवा खायला निघतो. इंग्लंडमध्ये वर्ग म्हणजे काय, हे सांगणारं माध्यम आता वर्गाची सहल काढतंय. ‘द क्राउन’ तर सहा पर्वं आणि साठ भाग चालली. राजवाडा आतून कसा दिसतो ते कळलं, आतल्या माणसांबद्दल वर्तमानपत्रांतून आधीच कळलं होतं.

हे रसिकतेचं अधःपतन नाही, हा पैशाचा हिशेब आहे. आज एका भागाला जितका खर्च येतो तितका एका वाहिनीला झेपत नाही. मग परदेशी भांडवल येतं, आणि परदेशी गिऱ्हाइकाला लागतो वाडा, मोती, चहाचे कप. जानेवारी २०२४ मध्ये आयटीव्हीने ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ दाखवली. चार भाग, छोट्या पोस्टातली साधी माणसं, संगणकाच्या चुकीपायी चोर ठरवली गेलेली, आणि टोबी जोन्सचा न ओरडणारा नायक. देश खवळला. मे महिन्यात शेकडो लोकांवरची दोषसिद्धी रद्द करणारा कायदा झाला. आणि आयटीव्हीच्याच वरिष्ठांनी पुढे सांगितलं की या मालिकेत त्यांना तोटा झाला. कायदा बदलणारं नाटक तोट्यात, आणि राजवाडा साठ भाग!

हे म्हटलं की उत्तर ठरलेलं: तुम्ही जुनं ते सोनं म्हणणारे. अजिबात नाही. जुन्यातलं पुष्कळसं टाकाऊ होतं. बीबीसीने तर टेपा महाग म्हणून चांगल्या-वाईटाचा विचार न करता त्या पुसून पुन्हा वापरल्या. पीटर कुकने आपल्या कार्यक्रमाच्या टेपा विकत घ्यायची तयारी दाखवली, तरी त्या पुसल्या गेल्या. जुनं श्रेष्ठ होतं, असा माझा दावा नाही. माझा दावा हा की तेव्हा पडणं स्वस्त होतं. ‘प्ले फॉर टुडे’ १९७० ते १९८४ चाललं. या आठवड्याचं नाटक पडलं तर पुढच्या आठवड्याला दुसरा लेखक, दुसरी खोली. ‘कॉमेडी प्लेहाउस’चंही तेच, त्यातले बहुतेक प्रयोग विसरले गेले आणि एकातून स्टेप्टो निघाला. ‘फाइव्ह’ वाहिनीने २०२५ मध्ये ‘प्ले फॉर टुडे’ हे नाव पुन्हा बाहेर काढलंय. नाव फुकट मिळतं. वर्षानुवर्षं दर आठवड्याला अपयश सोसायची तयारी मात्र मिळत नाही, आणि ती नसेल तर नावाचा उपयोग पाटीपुरताच.

पैसा नाही, ही सबब मी तर ऐकून घेणार नाही. २०२० मध्ये साथीमुळे सगळं ठप्प झालं तेव्हा एल्स्ट्रीमध्ये ‘ईस्टएंडर्स’चे सेट रिकामे पडले होते. तिथे बीबीसीने ‘टॉकिंग हेड्स’ पुन्हा केलं, दहा जुनी स्वगतं आणि दोन नवी. एक नट, एक कॅमेरा, उसनी खोली. तेव्हा त्यांना कोणीही नाटकी म्हणून हिणवलं नाही. साथ ओसरली, हेलिकॉप्टरं परत आली, आणि ज्या समीक्षकांनी त्या खुर्चीपुढे मान तुकवली होती तेच ‘ॲडोलसन्स’मधला ड्रोन मोजायला बसले. तिसऱ्या भागातल्या त्या टेबलाबद्दल त्यांना काय म्हणायचं आहे, ते त्यांनी एकदा लिहावं.