हास्य, शोक आणि ‘पंचायत’चे दुसरे पर्व

विनोदी कलाकृतीने एकदा आपला प्रेक्षक मिळवला की त्याच्याशी तिचा एक अलिखित करार होतो. पुढील भागात तिने तेच हसू पुन्हा द्यावे अशी त्याची अपेक्षा असते. आणि तेच दिले, तर नवे काही नाही म्हणून तोच कुरकुरतो. ‘पंचायत’ या हिंदी मालिकेच्या दुसऱ्या पर्वाला मिळालेला प्रतिसाद या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

चंदन कुमार यांनी लिहिलेली व दीपक कुमार मिश्र यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओवर एप्रिल २०२० मध्ये प्रथम आली. आठ भागांचे दुसरे पर्व मे २०२२ मध्ये आले. फुलेरा या गावी मनाविरुद्ध नोकरीस आलेला सचिव अभिषेक, ग्रामप्रधान मंजूदेवी, तिच्या नावे कारभार पाहणारा तिचा पती, उपप्रधान प्रल्हाद आणि सहायक विकास ही तीतील प्रमुख माणसे. पहिल्या पर्वातील विनोद शहरी मन आणि ग्रामजीवन यांच्या विसंगतीतून निर्माण झाला होता. दुसऱ्या पर्वात अभिषेक गावात रुळलेला आहे. साहजिकच विसंगतीचे स्थान बदलते. नशामुक्तीच्या प्रचारगाडीचा चालकच मद्यपी निघतो. हागणदारीमुक्तीचा दावा करणाऱ्या गावात विनोद नावाच्या ग्रामस्थाकडे शौचालयच नसते. शासकीय शब्द आणि वस्तुस्थिती यांतील अंतर हा आता हास्याचा विषय होतो. ही केवळ पुनरावृत्ती नव्हे, प्रगती होय.

समीक्षक व प्रेक्षक या दोघांनीही या पर्वाचे बहुतांशी स्वागत केले. मतभेदाला जागा राहिली ती अखेरच्या भागाविषयी. सैन्यात असलेला प्रल्हादचा मुलगा हुतात्मा होतो, आणि हसतखेळत चाललेली मालिका शोकात संपते. कोणास हा आघात बाहेरून लादलेला वाटला. अनेकांना तोच पर्वाचा उत्कर्षबिंदू वाटला.

आमच्या साहित्यशास्त्राने हास्य व करुण यांना परस्परविरोधी रस मानले आहे. परंतु त्याच शास्त्रातील आनंदवर्धनाने विरोधी रसांच्या सहवासाच्या वाटाही दाखविल्या आहेत. मधे तिसऱ्या रसाने उभे राहावे, ही त्यांपैकी एक. येथे तो मधला दुवा स्नेहाचा आहे. चौघे मित्र एकमेकांची थट्टा करीत बसतात, तेव्हाच त्यांच्यातील आपलेपणा दृढ होत असतो, आणि शेवटी शोक वाहून नेतो तो हाच आपलेपणा. मुलगा आपल्या फारसा परिचयाचा नाही. पण ज्याच्याबरोबर आपण इतका वेळ हसलो तो प्रल्हाद मात्र आपला आहे. म्हणून हे अश्रू फसवणुकीचे नाहीत. आधीच्या हास्यानेच त्यांची तयारी केली होती.

दोष असलाच तर तो शोकात नाही, त्याच्या भोवतीच्या योजनेत आहे. आमदार हे पात्र प्रथम हास्यास्पद म्हणून येते आणि अखेरीस सरळ खलनायक बनते. ज्या मालिकेने बनराकस म्हणून हिणवल्या गेलेल्या भूषणलाही माणूस राहू दिले, तिने येथे एकरंगी रेषा ओढली. सचिवाच्या बदलीचा आदेश तर पुढील पर्वाची सोय म्हणूनच आलेला दिसतो.

प्रेक्षकांच्या हास्याबद्दलही एक शंका नोंदवली पाहिजे. भूषण विनोदला उद्देशून बोलतो ते वाक्य देशभर थट्टेचा विषय झाले आणि घरोघरी पोहोचले. मात्र विनोदचे गाऱ्हाणे त्याच्यासोबत पोहोचले नाही. मालिका ज्या अंतरावर हसली, ते अंतर प्रेक्षकाच्या हास्यातून गळून पडले. लोकप्रियतेची ही किंमत लेखकाच्या माथी मारता येणार नाही. परंतु समीक्षकाने ती मोजली पाहिजे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यातील भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट वेबमालिकेचा पहिलाच पुरस्कार या पर्वास मिळाला. आनंदाची गोष्ट आहे. पण त्याची थोरवी सांगताना प्रत्येकजण शेवटच्या अश्रूंकडेच बोट दाखवू लागला, तर जुनाच प्रश्न उभा राहतो : रडविल्याखेरीज विनोदास प्रतिष्ठा द्यायची नाही, असा आपला संकेत आहे काय? प्रल्हादच्या दुःखाने ज्यांचे डोळे ओलावले, त्यांनी त्याआधीच्या हास्याचे ऋणही मान्य करावे. ते हास्य नसते, तर रडण्यासाठी आपल्यापाशी कोणी ओळखीचे माणूसच नव्हते.