दासबोधातील वार्धक्य

कुंभार पिंपळगावाजवळचे जांब हे समर्थ रामदासांचे जन्मग्राम (१६०८). दासबोधाच्या तिसऱ्या दशकातील मृत्युनिरूपणाचा समास सुपरिचित आहे. मृत्यू कोणाचाही अधिकार पाहत नाही, हे त्यातील प्रतिपादन निर्विवाद असले, तरी आमच्या मते ते नामावळीच्या पुनरुक्तीने सैल झाले आहे. त्याच दशकातील पाचव्या समासाचे तसे नाही. तेथे प्रपंचात रमलेला गृहस्थ खरोखरच म्हातारपण गाठतो, जरेने गलितगात्र होतो आणि स्वतःच्याच घरात नकोसा ठरतो. दीर्घायुष्याची आशा फळास येते, ती अशी! संसार न केलेल्या व त्र्याहत्तर वर्षे जगलेल्या ग्रंथकाराचे हे सूक्ष्म अवलोकन विस्मयकारक आहे. आपण वार्धक्यापर्यंत पोहोचूच, असे गृहीत धरणाऱ्या प्रस्तुत लेखकास नवव्या समासापेक्षा हा पाचवाच अधिक अस्वस्थ करतो.